बिबट्याच्या रानात, दादांबरोबर

आपल्याकडची माणसे मुंबईला जातात ती दवाखान्यासाठी, मंत्रालयातल्या कामासाठी, नाहीतर लेकीबाळींकडे. काम आटोपले की समुद्र पाहायचा, राणीच्या बागेत एक चक्कर मारायची आणि रात्रीची गाडी धरायची. गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या अखेरीला, आम्ही दोघे भाऊ बोरिवलीला गेलो होतो. दादांची लेक तिथे नांदते. तिला माहेरपणाला आणायचे होते. संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना जावईबापूंनी पूर्वेकडच्या डोंगराकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "त्या रानात बिबटे आहेत." दादांना ते खरे वाटेना. खाली मोटारींचा पूर, चोहीकडे उंचच उंच इमारती, आणि त्यांना खेटून बिबट्या?

"उद्या दाखवा मग," दादा म्हणाले.

दादांच्या डोक्यात त्या दिवसांत खरे तर दुसराच विषय घोळत होता. औसा तालुक्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला घरचा चार एकर मुरमाड माळ आहे. हिवर, बोर, तरवड आणि कुसळी गवत, एवढेच त्याचे पीक. तो जेसीबीने सपाट करून तिथे सोयाबीन पेरायचे, असे दादांनी आणि त्यांच्या थोरल्या मुलाने ठरवले होते. मशीनवाल्याला इसारही दिला होता. मी शेतीखात्यातला माणूस. गावोगाव पाणलोटाचे धडे देत फिरलो, पण पिकते तिथे विकत नाही म्हणतात तसे घरात माझे कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मोठे दार बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला हमरस्त्यावरच आहे. तुम्हाला जायचे असेल तर लातूरची मुंबई गाडी किंवा नांदेडची देवगिरी पकडावी, दादरला उतरावे आणि पश्चिम रेल्वेच्या लोकलने बोरिवली गाठावी. सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा तो दिवस टाळा. आत भाड्याच्या सायकली मिळतात, बसही असते. जाळीच्या बसमधून वाघ-सिंह दाखवतात, पण ते कुंपणातले. पोरासोरांना मजा वाटते. दादांनी त्यांच्याकडे धड पाहिलेसुद्धा नाही. त्यांना मोकळा बिबट्या हवा होता.

तो काही दिसला नाही. दिवसा तो दिसत नाहीच. रस्त्यावर भेटलेल्या एका रखवालदाराने दादांची चांगली समजूत घातली. हे रान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, त्यात चाळीसच्या वर बिबटे. चितळ-सांबर आहेत, पण वस्तीच्या कडेला उकिरडे, उकिरड्यावर मोकाट कुत्री, आणि कुत्र्यांसाठी रात्री बिबट्या येतो. २००४ साली या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत बरीच माणसे दगावली. त्यानंतर कचरा उचलणे, उजेड ठेवणे, अंधारात लहान पोराला एकटे बाहेर न सोडणे, या साध्या गोष्टींवर भर दिला गेला. एका ठिकाणी पकडलेला बिबट्या नेऊन दुसऱ्या रानात सोडला तर तो बिथरतो आणि नव्या जागी उपद्रव वाढतो, हे जुन्नरकडच्या अभ्यासातून दिसले आहे. किनवट-माहूरच्या वाचकांना बिबट्या नवा नाही. इतरांनीही वासरू आणि शेळ्या रात्री बंद गोठ्यात ठेवाव्यात आणि पहाटे उसात पाणी द्यायला जाताना सोबत व बॅटरी घ्यावी. या रानात वारल्यांचे पाडे आहेत. ती माणसे वाघोबाला देव मानतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहतात.

बिबट्या नाही तर नाही, म्हणून आम्ही कान्हेरीकडे निघालो. दारापासून सहा-सात किलोमीटर आत डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत, शंभराच्या वर. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. आपल्याकडच्यासारखाच हा काळा पाषाण. इसवी सनाच्या आधीपासून सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या दोन उंच बुद्धमूर्ती पाहून मान आपोआप वर जाते. आपल्या पैठणच्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेखही इथे आहे. दादांनी मूर्तींना हात जोडले आणि सावलीला टेकले. मी पाण्याची बाटली काढली, तर ती रिकामी.

तेव्हा दादांचे लक्ष गेले. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी, एका अंगाला, खडकात खोदलेले टाके. डोकावून पाहिले तर त्यात पाणी! मे महिना संपत आलेला, आमच्या गावची आडं-विहिरी केव्हाच तळाला गेलेल्या, आणि इथे डोंगराच्या अंगावर, ना पंप ना बोअर, गार सावलीत पाणी. दादा उठले. पाणी आले कुठून, म्हणून काठी टेकत वर चढू लागले. वरच्या कातळावर बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. लेण्याच्या कपाळावरून त्या तिरप्या उतरतात आणि पावसाचे पाणी टाक्यात आणून सोडतात. दादा त्या पन्हळीवरून बोट फिरवत टाक्यापर्यंत खाली आले, पुन्हा वर गेले. गुडघे दुखतात म्हणून घरी जिना न चढणारा माणूस!

इथल्या लेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे. व्यापारी, गृहस्थ, भिक्खुणी यांनी लेणे दान दिले की पोढीचेही नाव कोरलेले असे. भिक्खूंच्या खर्चासाठी कोणी पैसे ठेवी, कोणी शेत देई.

"पाऊस इथं किती पडतो?" दादांनी विचारले.

"आपल्या तिपटीने. दोन हजार मिलिमीटरच्या वर."

"मग काय सांगतूस? तिपटीनं पडल्यावर टाकी भरणारच की."

बरोबरच होते त्यांचे. मुंबईच्या पावसाशी लातूरची बरोबरी करून मोठमोठी भाषणे देणारे आमच्या खात्यातही कमी नाहीत. पण पाऊस इथलाही चारच महिन्यांचा. पुढे आठ महिने कोरडे. खिशातल्या डायरीवर मी दादांना हिशेब मांडून दाखवला. एक एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की चाळीस हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे बऱ्या वर्षी ७५ सेंटिमीटर धरा. म्हणजे एकरी तीस लाख लिटर. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणले, ते आठवते? पन्नास डब्यांची एक गाडी पंचवीस लाख लिटर आणायची. त्या गाडीच्या स्वागताला दादा स्वतः स्टेशनवर गेले होते.

दादांनी डायरी हातात घेतली. चष्मा लावला. "म्हणजे आपल्या माळावर..."

"चार एकरांत दरसाल अशा चार-पाच गाड्या उतरतात."

"आन्‌ जातात कुठं?"

मी काही बोललो नाही. माळावरून धो धो वाहणारे गढूळ पाणी त्यांनी साठ वर्षे पाहिले आहे.

उतरताना रस्त्याकडेला दादांनी काठीने पाला उकरला. वर वाळका साग-पळसाचा पाला, खाली कुजलेला थर आणि त्याखाली काळी, भुसभुशीत माती. मूठभर घेऊन त्यांनी ती दाबली, वास घेतला. याच डोंगरांतल्या विहार आणि तुळशी तलावांतून मुंबई पाणी पिते. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली. आज शहराची तहान मुख्यतः भातसा, तानसा, वैतरणा भागवतात, पण हे दोन तलाव अजून कामाचे आहेत आणि त्यांच्या पाणलोटात घर बांधू दिलेले नाही म्हणूनच हे रान टिकले. आपल्या लातूर जिल्ह्यात शंभर एकरांमागे एक एकरही जंगल नाही. खरोश्याला आपलीही लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव आहे. पण तिथे मी पाहुण्यांना देवळे-मूर्ती दाखवून परत आणतो. पाण्याची वाट पाहायला दादांबरोबर कधी गेलो नव्हतो.

परतीच्या गाडीत पुतणी आणि तिची दोन पोरे झोपली. दादा खिडकीशी जागेच होते. बार्शीच्या पुढे उजाडू लागले तेव्हा म्हणाले, "चर किती फुटांवर घ्यायचा असतो रे?" मी उतार बघून सांगतो म्हटले.

घरी आल्यावर बापलेकांत दोन दिवस बोलणे नव्हते. इसार बुडतो, हे मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते, शिवाय सोयाबीनचे पैसे डोळ्यांना दिसतात, मुरलेले पाणी दिसत नाही. शेवटी खालचे दोन एकर सपाट झालेच. वरच्या दोन एकरांत मी आणि दादांनी नळीतल्या पाण्याची पातळी धरून समतल रेषा आखल्या, मशीनवाल्याने त्याच इसारात चर काढून दिले, आणि हिवराची झाडे जागेवर राहिली. बांधाच्या कडेला दादांनी एक हौद खणायला घेतला आहे. त्याला ते पोढी म्हणतात. गावातली पोरे हसतात.

पहिला मोठा पाऊस झाला की चरांत पाणी किती थांबले ते बघायला ये, असा त्यांचा निरोप आहे. येताना डायरी आण, असेही सांगितले आहे.