क्रिकेटच्या गावातले फुटबॉलवाले

त्रिनिदाद म्हणजे लारा, त्रिनिदाद म्हणजे गावसकरचं पदार्पण, एवढंच आपल्याला माहीत. एकदा तिथल्या फुटबॉलवाल्यांचा माग काढत फिरून बघा, बेट वेगळंच दिसेल!

मराठी घरांत पोर्ट ऑफ स्पेन हे नाव शिरलं ते १९७१ मध्ये. वाडेकरांची टीम, सरदेसाईंचं शतक आणि एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरच्या पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ धावा. मालिकेतली शेवटची कसोटीही त्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर झाली आणि तिथे या पठ्ठ्याने १२४ आणि २२० केल्या. तिथले लोक इतके खूश झाले की लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने त्याच्यावर चक्क एक कॅलिप्सो रचला. तेव्हापासून आपल्यासाठी त्रिनिदाद म्हणजे क्रिकेट. विषय संपला.

पण बॉस, याच देशाने २००६ मध्ये जर्मनीत जाऊन फुटबॉलचा वर्ल्ड कप खेळलाय. तेव्हा लोकसंख्या जेमतेम १३ लाख. म्हणजे आपलं नाशिक शहर वर्ल्ड कपला गेलं असं समजा! वर्ल्ड कपला पोहोचलेला तोवरचा सर्वांत छोटा देश हाच. टीमचं लाडकं नाव सोका वॉरियर्स. सोका म्हणजे तिथलं कार्निव्हलमधलं धांगडधिंगा संगीत. तर या वेळी ओव्हलला बाहेरूनच सलाम करू आणि या वॉरियर्सच्या मागे जाऊ. त्यांच्या करिअरची गोष्ट ऐकताना तुम्हाला तुमच्या ऑफिसातली ‘ऑनसाइट’ची यादी आठवली नाही, तर सांगा.

सकाळी डबल्स, मग स्टेडियम

पोर्ट ऑफ स्पेनमधल्या दिवसाची सुरुवात रस्त्यावर करायची. गाडीवाल्यासमोर उभं राहायचं आणि ‘डबल्स’ मागायचे. दोन मऊ, तळलेले बारा आणि त्यांच्यात रसरशीत चना. बारा म्हणजे आपल्या वड्याचा लांबचा नातेवाईक, आणि चना तर चनाच. १८४५ पासून १९१७ पर्यंत उत्तर प्रदेश-बिहारकडून जे मजूर बोटीने उसाच्या मळ्यांत आले, त्यांच्या वंशजांचं हे खाणं. आज ते अख्ख्या देशाचा नाश्ता झालंय. तिखट झेपत नसेल तर ‘स्लाइट पेपर’ म्हणायचं. आपण मराठी माणसं, आपल्याला काय होतंय, अशा थाटात जाऊ नका. तिथली मिरची कुणाचं गाव विचारत नाही.

खाऊन झालं की क्वीन्स पार्क सव्हाना या अवाढव्य मैदानाला एक वळसा घालायचा, शहाळं प्यायचं आणि शहराच्या पश्चिमेकडच्या हॅझली क्रॉफर्ड स्टेडियमकडे निघायचं. क्रॉफर्ड हा धावपटू. १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर शर्यतीचं सुवर्णपदक याने जिंकलं. पण या स्टेडियमची खरी आठवण १९ नोव्हेंबर १९८९ ची आहे.

त्या दिवशी समोर अमेरिका होती. इटलीतल्या वर्ल्ड कपला जायला त्रिनिदादला फक्त बरोबरी पुरणार होती. सगळं स्टेडियम लाल कपड्यांत. आणि अमेरिकेच्या पॉल कॅलिजुरीने लांबून मारलेला एक उंच चेंडू जाळ्यात उतरला. ०-१. खेळ खलास! लोक रडले, पण दंगा केला नाही. त्या वर्षीचा ‘फिफा’चा फेअर प्ले पुरस्कार मैदानावरच्या कुणाला नाही, तर या प्रेक्षकांना मिळाला.

त्या हरलेल्या टीममध्ये दोन पोरं होती. रसेल लाटापी, वय २१. ड्वाइट यॉर्क, वय १८. दोघांनाही वर्ल्ड कपसाठी पुढची सोळा वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडे अठरा महिने प्रमोशन लांबलं की आपण रेझ्युमे अपडेट करायला घेतो!

थांबले म्हणजे गप्प बसले असं नव्हे. लाटापी पोर्तुगालला गेला आणि एफसी पोर्तोकडून दोनदा लीग जिंकला. मग स्कॉटलंडमध्ये हायबर्नियन, रेंजर्स, फाल्कर्क. शेवटी २००६ मध्ये पॅराग्वेविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून वर्ल्ड कपच्या मैदानात उतरला, तेव्हा त्याचं वय होतं ३७.

टोबॅगोचा हसरा

यॉर्कसाठी बेट बदलावं लागतं. पोर्ट ऑफ स्पेनहून विमानाने अर्ध्या तासाच्या आत तुम्ही टोबॅगोला पोहोचता. निवांत वेळ असेल तर बोटीने स्कारबरोला जा. टोबॅगो म्हणजे सुशेगाद प्रकरण, आपल्या गोव्याचा तो शब्द इथे चपखल बसतो. याच बेटावर कॅनान नावाच्या छोट्या गावात यॉर्क जन्मला. बर्टिल सेंट क्लेअर या शाळेतल्या कोचने त्याला घडवलं. १९८९ मध्ये ॲस्टन व्हिला हा इंग्लिश क्लब दौऱ्यावर आला होता, त्यांचे मॅनेजर ग्रॅहम टेलर यांच्या नजरेत तो भरला आणि पोरगा थेट बर्मिंगहॅमला.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड मोजले आणि पहिल्याच सीझनमध्ये टीमने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही चषक उचलले. २००५ मध्ये तो सिडनीला गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या नव्या लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद सिडनी एफसीला मिळालं. आज टोबॅगोत बकोलेटला समुद्राजवळ ‘ड्वाइट यॉर्क स्टेडियम’ आहे. ते २००१ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपसाठी बांधलं, म्हणजे पठ्ठ्या अजून खेळत होता तेव्हाच!

फौजी, इंजिनिअर आणि ‘मिस्टर स्कॉटलंड’

पण सगळ्यांचीच ऑनसाइट मँचेस्टरला नसते. कुणाला कॅलिफोर्निया मिळतं, कुणाला असं गाव मिळतं जे नकाशावर शोधावं लागतं. सोका वॉरियर्समधल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला दुसरा प्रकार आला.

डेनिस लॉरेन्सचंच घ्या. साडेसहा फुटांहून उंच. डिफेन्स फोर्स या लष्कराच्या टीमचा खेळाडू. २००१ मध्ये त्याला नोकरी मिळाली ती उत्तर वेल्समधल्या रेक्सम या गावात. आज हॉलिवूडच्या रायन रेनॉल्ड्समुळे हे नाव टीव्हीवर झळकतं. तेव्हा तिथे थंडी, पाऊस आणि खालच्या डिव्हिजनचं फुटबॉल होतं. सोबतीला कार्लोस एडवर्ड्स होता, तोही डिफेन्स फोर्सचाच. केनवाइन जोन्स मात्र डब्ल्यू कनेक्शन या क्लबातून इंग्लंडला गेला. भारतात रेल्वे नि पोलिसांनी जसे खेळाडू सांभाळले, तसे तिथे लष्कराने.

गोलकीपर शाका हिस्लॉपची कुंडली तर आपल्या पालकांना फारच आवडेल. जन्म लंडनचा, वाढला त्रिनिदादमध्ये, मग अमेरिकेत हॉवर्ड विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि ‘नासा’त इंटर्नशिपही. एवढं करून तो गोलपोस्टमध्ये जाऊन उभा राहिला!

जेसन स्कॉटलंडचा मामला वेगळा. डंडी युनायटेडमध्ये असताना ब्रिटनच्या वर्क परमिटने त्याचा घात केला आणि क्लब बदलावा लागला. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही हे दुःख समजावून सांगायला नको. पण २००६ च्या वर्ल्ड कपला स्कॉटलंड पात्र ठरलं नव्हतं, आणि इंग्लंडच्या ग्रुपमध्ये पाठीवर ‘स्कॉटलंड’ लिहिलेला एक खेळाडू होता. स्कॉटिश लोकांनी त्या नावाच्या जर्सी हौसेने विकत घेतल्या.

आणि क्रिस बर्चल. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डचा गोरा पोरगा, आई पोर्ट ऑफ स्पेनची. एका मॅचमध्ये लॉरेन्सनेच त्याला विचारलं, तुझं त्रिनिदादशी काही नातं आहे का रे? निघालं! नोव्हेंबर २००५ मध्ये बहारीनविरुद्ध घरच्या मैदानावर टीम हरत असताना याच बर्चलने दुरून गोल मारून १-१ केलं. चार दिवसांनी बहारीनमध्ये यॉर्कने कॉर्नर मारला, लॉरेन्सने डोकं लावलं आणि तिकीट पक्कं झालं. सुपरस्टारचा कॉर्नर आणि रेक्समवाल्याचं डोकं!

जर्मनीत स्वीडनशी सामना सुरू व्हायच्या जरा आधी पहिल्या पसंतीचा गोलकीपर जखमी झाला आणि हिस्लॉपला उतरावं लागलं. मध्यंतरानंतर लगेच एवरी जॉनला रेड कार्ड. दहा जण खेळले तरी ०-०. इंग्लंडला त्यांनी ८३ व्या मिनिटापर्यंत रोखून धरलं. मग पीटर क्राउचने बचावपटू ब्रेंट सांचोच्या जटा खेचून हेडर मारला आणि रेफ्रीला ते दिसलं नाही. अख्खं त्रिनिदाद आजही त्या जटांवर बोलू शकतं.

बोनसचा हिशेब

आता कडवट भाग. वर्ल्ड कपमधून मिळणाऱ्या व्यावसायिक उत्पन्नातला अर्धा वाटा मिळेल, असं खेळाडूंना सांगितलं गेलं होतं. स्पर्धा संपल्यावर फेडरेशनने पुढे केले ते प्रत्येकी साधारण साडेपाच हजार त्रिनिदाद डॉलर. पाचशे पौंडसुद्धा भरत नव्हते. वर्षभर घाम गाळून अप्रेझलच्या पाकिटात काय निघावं, तर दिवाळीचा ड्रायफ्रूट बॉक्स! खेळाडू लंडनमध्ये लवादाकडे गेले आणि २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी प्रकरण पुढे कित्येक वर्षं रेंगाळलं. त्या काळी तिथल्या फुटबॉलचे सर्वेसर्वा होते जॅक वॉर्नर. ‘फिफा’ने २०१५ मध्ये त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. त्याच २०१५ मध्ये, ज्याच्या जटा खेचल्या गेल्या आणि जो या भांडणात पुढे होता, तो ब्रेंट सांचो काही महिने देशाचा क्रीडामंत्री झाला. करिअरला वळण म्हणतात ते हे.

कूवा, १० ऑक्टोबर

परत त्रिनिदादला येऊ आणि दक्षिणेकडच्या रस्त्याला लागू. पोर्ट ऑफ स्पेन मागे पडलं की मध्य त्रिनिदादचा सपाट मुलूख लागतो. जुन्या उसाची जमीन, दारांत लावलेले रंगीत झेंडे, देवळं, मशिदी. देशातले सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत आणि इथे ते ठळकपणे दिसतात. याच भागात कूवाला आतो बोल्डन स्टेडियम आहे. हाही धावपटूच! छोटंसं, साधं स्टेडियम आहे. पाहण्यासारखं काय, असं वाटेल.

१० ऑक्टोबर २०१७ ला इथे पुन्हा अमेरिका आली. आता उलटं होतं. २०१८ च्या वर्ल्ड कपसाठी अमेरिकेला बरोबरी पुरली असती आणि त्रिनिदाद केव्हाच बाहेर पडला होता. गॅलरी बरीचशी रिकामी. पण त्रिनिदादने २-१ अशी मॅच मारली, आणि १९८६ नंतर पहिल्यांदाच अमेरिका वर्ल्ड कपबाहेर बसली. त्रिनिदादच्या बाकावर कोच म्हणून कोण होता? रेक्समवाला डेनिस लॉरेन्स. अठ्ठावीस वर्षांची उधारी त्याने अशी वसूल केली.

बाहेर गेलेली माणसं अशी परत येतात. यॉर्कचीही २०२४ मध्ये राष्ट्रीय टीमच्या कोचपदी नेमणूक झाली. पण २०२६ च्या वर्ल्ड कपचं दार काही उघडलं नाही. त्यांच्याच ग्रुपमधून गेला तो दीड लाख वस्तीचा कुरसाव. ‘सर्वांत छोटा देश’ हा मान २०१८ मध्ये आइसलंडने नेला होताच, आता तो आणखी छोट्या बेटाकडे गेला. फरक इतकाच की कुरसावचे जवळपास सगळे खेळाडू जन्मले आणि घडले ते नेदरलँड्समध्ये. त्रिनिदादचे २००६ चे बहुतेक खेळाडू मात्र बेटावरच घडले आणि मग बाहेर गेले.

खरी अडचण इथेच आहे. परदेशी जाण्याआधी पोरांनी खेळायचं कुठे? १९९९ मध्ये सुरू झालेली तिथली प्रो लीग २०२० मध्ये थांबली आणि नवी लीग उभी राहायला २०२३ उजाडलं. म्हणजे विशीतल्या पोरांची ऐन उमेदीची तीन वर्षं गेली. तरी दक्षिणेतल्या सांता फ्लोराचा लेव्ही गार्सिया ग्रीसमध्ये जाऊन २०२३ मध्ये एईके अथेन्सबरोबर लीग जिंकतो, तेव्हा तिथल्या पोरांना वाट अजून शाबूत असल्याचा दिलासा मिळतो. पण अशा एकेकट्याच्या जिवावर टीम उभी राहत नाही. लॉरेन्सला रेक्समने उचललं, कारण त्याआधी डिफेन्स फोर्सने त्याला खेळवलं होतं.

ही वाट कधी कधी आपल्याही दारावरून जाते बरं का. २००६ च्या त्याच टीममधला कॉर्नेल ग्लेन शिलाँग लाजाँग आणि मोहन बागानकडून खेळला. अँथनी वुल्फ गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे होता. पुढे याच चर्चिलकडून त्रिनिदादच्या विलिस प्लाझाने २०१८-१९ च्या आय-लीगमध्ये २१ गोल केले. मडगावात फुटबॉल बघून रात्री फिश करी खाणारा त्रिनिदादी... त्याच्या लेखी हीसुद्धा ऑनसाइटच की!

जायचंय?

भारतातून सरळ विमान नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कमार्गे पियार्को विमानतळ गाठायचा. व्हिसाचे नियम निघण्याआधी नीट तपासा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. भाषा इंग्रजी, पण ती गाण्यासारखी बोलतात, कानाला दोन दिवस द्या. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो आणि तेव्हा हॉटेलं महाग होतात. बीचसाठी मराकस, आणि तिथला ‘बेक अँड शार्क’ खायला विसरू नका. आणि हो, स्थानिक लीगची मॅच मिळाली तर तिकीट काढून बघाच. पुढे कुठल्या गारठलेल्या गावात खेळायला निघालेला पोरगा त्या दिवशी तुमच्यासमोर पळत असेल.