दारातली कणगी

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आमच्या सिल्वासाच्या मुलखाला एक लहानसा कोपरा मिळाला आहे. १९५४ साली दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर, दमणहून येथवर येण्याची वाट भारताने अडविली, असा दावा पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. वाट आहे किंवा नाही एवढ्यावर न थांबता, त्या वाटेने काय जाणार, हे न्यायाधीशांनी पाहिले. गेल्या पावसाळ्यापासून विजेकडेही मी याच दृष्टीने पाहू लागलो आहे.

आमच्या छपरावर तीन किलोवॅटची सोलर पॅनेले आहेत. सूर्यघर योजनेतून त्यांना ७८,००० रुपयांचे साहाय्य मिळाले. दारात विजेवर चालणारी मोटार आहे. तिच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते. छप्पर हे शेत आणि मोटार ही कणगी. सुगीत भरावी, अडीअडचणीला उपसावी, असे कोणालाही वाटावे.

अडचणीला आमच्या घरी एक ठरलेले रूप आहे. मातोश्रींना रात्री ऑक्सिजनचे यंत्र लावावे लागते. ते ताशी एक-तृतीयांश युनिट खाते. आषाढातल्या एका रात्री वादळी पावसात वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. जिन्याखालचा इन्व्हर्टर पहाटे तीनला थकला. माझी मुलगी छत्री घेऊन बाहेर गेली, मोटारीच्या प्लगला वायर लावून तिने ती खिडकीतून आत घेतली, आणि यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली. त्या घरघरीसारखे मधुर संगीत मी क्वचितच ऐकले असेल. उजाडेपर्यंत जेमतेम एक युनिट खर्ची पडले. रस्त्यावर त्यात मोटार सहा-सात किलोमीटर धावली असती.

सकाळी मात्र निराळाच प्रकार पाहिला. ऊन लख्ख पडले होते, पॅनेले चकाकत होती, आणि त्यांतून वीज मात्र येत नव्हती! बाहेरची वीज गेली की छपरावरचा इन्व्हर्टरही आपणहून बंद होतो. आमच्या वायरमनला मी कारण विचारले. तो म्हणाला, "वकीलसाहेब, खांबावर चढलेला माणूस तार मेलेली आहे असं धरून चढतो. तुमच्या घरातनं ती जिवंत झाली तर?" मोटारीची वीज घराच्या बोर्डात सोडू नये, तिचेही कारण हेच. हेगच्या निकालपत्रातील शस्त्रे आणि माल यांमधला भेद मला इतक्या थोडक्या शब्दांत कोणी समजावून दिला नव्हता.

जपानात २०११च्या भूकंपानंतर पुढल्याच वर्षी निसानने आपल्या लीफ मोटारीतून घराला वीज देणारी सोय बाजारात आणली. मोटार आणि घर यांच्या मध्ये एक स्वतंत्र यंत्र बसविले होते. आमच्या मोटारीला केवळ प्लग आहे, तीन किलोवॅटच्या आसपास शक्तीचा. त्यावर यंत्र, दिवे, पंखे, फ्रिज चालतात. सबंध घर नव्हे.

रोजच्या व्यवहारात मोटार उपसावी काय? माझे मत नकारार्थी आहे. गोव्याला आणि आम्हाला विजेच्या बाबतीत एकच संयुक्त विद्युत नियामक आयोग आहे, आणि त्याच्या नेट मीटरच्या नियमांमुळे दिवसा उरलेली सौरवीज जाळ्यात जमा करून रात्री परत घेता येते. एवढी मोठी सार्वजनिक कणगी असताना घरची भरा आणि उपसा, यात प्रत्येक खेपेस थोडी वीज सांडते. शिवाय बॅटरीचे हमीपत्र वर्षांत आणि किलोमीटरांत लिहिलेले असते. उभ्या मोटारीतून घराने घेतलेली वीज किलोमीटरांच्या आकड्यात उमटत नाही. या मुद्द्यावर उद्या वाद निघाला तर दोन्ही बाजूंनी चांगले युक्तिवाद करता येतील, आणि ते करायला मला आवडेल. पण माझ्याच मोटारीवर नको.

त्या रात्री शेजारच्या वहिनींनी आपल्या फ्रिजसाठी वायर मागितली होती. २००३च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२प्रमाणे परवान्याशिवाय विजेचा व्यापार करता येत नाही, हे मला तत्काळ आठवले. वाटीभर साखर उसनी देणे म्हणजे व्यापार नव्हे, असा निवाडा करून मी वायर कुंपणापलीकडे टाकली. वहिनींनी कलम विचारले नाही.

आता वायरमनने मोटार उभी राहते तेथून मातोश्रींच्या खोलीपर्यंत एक वेगळी वायर ओढून दिली आहे. घराच्या बोर्डाशी तिचा काडीमात्र संबंध नाही. भिंतीवरच्या त्या प्लगभोवती त्याने तांबड्या रंगाची चौकट काढली आहे, आणि मातोश्रींनी मोलकरणीला बजावले आहे की, तिथे इस्त्री लावायची नाही.