धुतलेले पाय

गेल्या पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादरांनी माझे पाय धुतले. जायच्या आधी मी घरी अर्धा तास वज्रीने टाचा घासत बसले होते.

ज्यांना हा विधी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू जेवताना उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. धुळीच्या रस्त्याने चालत आलेल्यांचे पाय धुणं हे त्या काळी गुलामाचं काम. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. माझ्या लहानपणी आमच्याकडे वसईत ते बाराही पुरुषच असायचे. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या, मुसलमानही होते. २०१६ मध्ये नियमच बदलला आणि बायकांनाही रीतसर बसता यायला लागलं.

यंदा माझं नाव आलं. आजीने आळीभर सांगितलं, "आमच्या नातीला निवडलंय. पुण्यात मोठी इंजिनीअर आहे ती."

त्या मोठ्या इंजिनीअरची नोकरी फेब्रुवारीतच गेली होती. एचआरचा दहा मिनिटांचा कॉल, आणि संध्याकाळी कंपनीचा लॅपटॉप लॉक. घरी आले ती 'वर्क फ्रॉम होम' सांगून. रोज सकाळी दहाला माझा जुना लॅपटॉप उघडायचे, हेडफोन लावायचे आणि दार लोटून घ्यायचे. आई चहा आणून ठेवायची आणि मीटिंग चालू असेल म्हणून पाऊल न वाजवता निघून जायची. कॉलेजातल्या मैत्रिणीला कुठून तरी कळलं. तिचा मेसेज आला, "रेझ्युमे पाठव, रेफर करते." मी लिहिलं, "अगं नको, दोन-तीन ऑफर आहेत." एकही नव्हती.

रिकामा वेळ भरपूर होता, त्यात वाचन झालं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता. मनाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली. शेवटचे दोन म्हणजे पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. मला दोन्ही एकच वाटायचे, त्याने मात्र वेगळे ठेवले. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून धडपडणं ही कीर्तीची हाव. ती माझ्या लिंक्डइनवर भरपूर सापडेल. आणि जे चांगलं झालं ते माझ्याच जोरावर, त्यात मदत कुणाचीच नाही, देवाचीसुद्धा नाही, असं मानणं हा गर्व. पुढे सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी ही यादी नव्याने मांडली, तेव्हा गर्वाला बाकी सगळ्या पापांचं मूळ ठरवलं.

गर्व म्हणजे छाती काढून चालणं, असं मी धरून चालले होते. मी तर कुणाशी वरच्या आवाजात बोलतही नाही. पण 'नको, मी बघते' हे मी इतक्या गोड आवाजात म्हणायचे की त्यात गर्व असेल अशी शंका मलाही आली नाही.

चर्चमध्ये माझा नंबर सातवा होता. आमचे फादर सत्तरीचे, गुडघे दुखतात त्यांचे. ते हळूहळू खाली टेकले आणि माझा पाय हातात घेतला. पाणी गार होतं. माझ्याही नकळत मी पाय मागे ओढला. त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त टाच जरा घट्ट धरली.

पेत्रानेही पाय मागे घेतला होता. तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत, असं तो येशूला म्हणाला. लहानपणापासून मला ती त्याची नम्रता वाटत आली. पण येशूला ती तशी वाटली नाही. धुऊ दिले नाहीस तर तुझं माझं नातंच नाही, अशा अर्थाचं त्याने उत्तर दिलं. पाय धुणाऱ्याकडे निदान रुमाल असतो, करायला काम असतं. समोर बसलेल्याला फक्त आपले पाय दुसऱ्याच्या हाती द्यायचे असतात, जसे असतील तसे. रोमच्या त्या मुलांकडे लपवायला काही उरलंच नव्हतं. ती कुठे बसली आहेत हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. मी मात्र घासूनपुसून, नखं कापून आले होते.

रात्री बाबा ओट्यावर एकटेच बसले होते. मी सांगितलं, "बाबा, माझी नोकरी गेली. दोन महिने होत आले."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुण्याच्या खोलीचं भाडं?"

"साठवलेल्यातून भरते."

"किती उरलेत?"

मी आकडा सांगितला. पगार होता तेव्हा तो आकडाही मी त्यांना कधी नीट सांगितला नव्हता. बाबा उठून आत गेले आणि रबर लावलेलं नोटांचं पुडकं घेऊन आले. मोगऱ्याचे पैसे होते ते. पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेऊन मिळवलेले. 'नको बाबा' अगदी ओठांवर आलं. त्यांचा हात तसाच पुढे होता. मी पैसे घेतले.

मग मैत्रिणीला मेसेज केला, "ऑफर-बिफर काही नाही. खोटं बोलले. रेझ्युमे पाठवतेय." दोन मिनिटांत उत्तर आलं, "वेडी. पाठव."

नोकरी अजून लागलेली नाही. पण आता खोलीचं दार उघडं असतं, आणि चहा ठेवून आई थोडा वेळ बसते.