माडीवरचं मशीन

फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं, ‘नेट चालू आहे, पण रिमोट लागत नाही.’ मंचर-घोडेगाव पट्ट्यात नेटवर्कची कामं करताना या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी सोडून देतो. नेट चालू म्हणजे यूट्यूब चालू, एवढंच त्यातून कळतं. रिमोट डेस्कटॉपने घरातल्या घरात एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असली, तरी ओसरीवरच्या लॅपटॉपवरून माडीवरचा संगणक उघडायला हवा.

मग मी विचारतो, ‘पासवर्डपर्यंत पोचतं का?’

विंडोजचा संदेश इथे फारसा कामाचा नाही. रिमोट चालू केलेलं नसेल, पलीकडचं मशीन बंद असेल किंवा ते नेटवर्कवर सापडत नसेल, अशी तिन्ही कारणं एकाच दमात सांगून तो मोकळा होतो. पासवर्ड मागितला जात असेल, तर वाट साफ आहे आणि भांडण ओळखीचं आहे. बहुतेक वेळा माणूस रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडत असतो आणि तोच पिन रिमोटलाही टाकतो. रिमोटला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो मशीन घेतलं त्या दिवशी एकदाच टाकलेला असतो. पासवर्डपर्यंत पोचतच नसेल, तर मात्र गाडी काढावी लागते.

महाळुंगे पडवळच्या एका घरी असाच गेलो होतो. हुतात्मा बाबू गेनूंचं हे गाव. पोटासाठी मुंबई गाठून गिरणीत लागलेला इथला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गेला. पोटासाठी मुंबई-पुणे गाठायची रीत नंतरही राहिली. २०२०च्या टाळेबंदीत मात्र काही घरांत उलटं झालं. माणसं परत आली आणि कामही त्यांच्यामागे गावात आलं. या घरातल्या वहिनी तेव्हापासून व्यापाऱ्यांचे हिशेब घरूनच करतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर माडीवरच्या मशीनवर, आणि सासूबाईंचं दुखणं खाली. म्हणून खालच्या लॅपटॉपवरून वरचं मशीन चालवायचं होतं.

आधी वरच्या मशीनवर विंडोजची कुठली आवृत्ती आहे ते पाहिलं. होम आवृत्तीवरून दुसरीकडे जाता येतं, पण तिच्यात कुणाला शिरता येत नाही, आणि हे न पाहता लोक तासन्‌तास सेटिंग चाळत बसतात. इथे प्रो होती. रिमोटही चालू होतं, ३३८९ या पोर्टवर मशीन वाट पाहत होतं. खालून त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

दोन्ही मशीनचे आयपी लिहून घेतले. खालच्याचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा, वरच्याचा १९२.१६८.० ने. इथेच निम्मं काम झालं. माडीवर रेंज येत नाही म्हणून धाकट्या दिरांनी दुसरा राउटर आणून बसवला होता, खालून आलेली केबल त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खोबणीत. तसा जोडला की राउटर आपलं वेगळं नेटवर्क मांडतो. त्याच्या आतल्या मशीनला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत वाट मिळत नाही. त्यामुळे वरून खालच्या प्रिंटरवर प्रिंट सुटत होती आणि घरच्यांना वाटत होतं की जोडणी ठीक आहे.

आजोबा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, ‘वरनं खालचं दिसतंय, खालनं वरचं दिसंना. गच्चीचं बी तसंच असतंय की!’

केबल वॅनमधून काढून शेजारच्या साध्या लॅन पोर्टात घातली, त्या राउटरचं आयपी वाटायचं काम बंद केलं आणि त्याला खालच्या मालिकेतला एक मोकळा आयपी दिला. काही राउटरमध्ये हे सगळं ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाच्या एका पर्यायात होतं. आता वाटप करणारा एकच राहिला. वरचं मशीन पुन्हा सुरू केलं, तेही १९२.१६८.१ मध्ये आलं आणि लॅपटॉपवर पासवर्डची चौकट उमटली.

तिथेच थांबलं तर आठवड्यात परत फोन येतो, कारण लाईट. लाईट जाऊन आली की राउटर नव्याने वाटप करतो. लॅपटॉपवरचं जुनं चिन्ह जुन्याच आयपीवर जातं आणि तिथे एखादा टीव्ही बसलेला असतो. म्हणून वरच्या मशीनचा आयपी राउटरमध्ये राखून ठेवतो. शिवाय इन्व्हर्टर असला, तरी त्याची लाईन माडीवर नेलेली नसते. खालचा राउटर जिवंत आणि वरचं मशीन बंद, अशी अवस्था होते. लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं, अशी सोय बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये असते. ती चालू करायची आणि झोपी जाण्याचं सेटिंग बंद करायचं.

निघता निघता वहिनींनी खरा प्रश्न विचारला, ‘भाऊ, मी पुण्याला माहेरी गेले तर तिथून लागेल का?’

यावर ‘राउटरमध्ये ३३८९ उघडून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही, ग्राहक रुसला तरी. एक तर अनेक जोडण्यांत राउटरला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असतो. तो अनेक घरांत वाटलेल्या पत्त्यामागे असतो आणि पोर्ट उघडून काही हाती लागत नाही. उघडलाच, तर जगभरचे स्वयंचलित प्रोग्रॅम त्यावर पासवर्ड आजमावत बसतात. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ‘ब्लूकीप’ ही खोट सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली होती. पासवर्ड नसतानाही आत शिरता येईल, इतकी ती वाईट होती. तीच खोट असलेलं विंडोज ७ दुकानांच्या गल्ल्यावर अजून दिसतं, त्यामुळे मी ते विसरत नाही.

त्याऐवजी दोन्ही मशीनवर टेलस्केल हे खासगी वाट बांधणारं सॉफ्टवेअर घातलं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही आणि वाटलेल्या आयपीचीही अडचण येत नाही. बाहेरची वाट घरच्या वाय-फायवरून तपासली तर काहीच सिद्ध होत नाही. लॅपटॉपचं वाय-फाय तोडून मोबाईलचा हॉटस्पॉट दिला. रेंजसाठी अंगणाच्या टोकाला, कांद्याच्या बराखीपर्यंत जावं लागलं. वहिनींनी तिथे उभ्यानेच पासवर्ड टाकला आणि उघडलेल्या हिशेबातली एक राहिलेली पावती भरून टाकली.