शेरू आणि गोट्यासाठी

नागपूर, १२ मार्च

चि. गौरी,


तुझं पत्र मिळालं. एप्रिलअखेर तुम्ही बदलीवर नागपूरला येताय, बरोबर शेरू कुत्रा आणि गोट्या बोकाही आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. कुत्र्या-मांजराची घरगुती औषधं लिहून पाठव म्हणालीस. उपयोगी पडतील ती लिहिते, पण आधी एक गोष्ट मनात पक्की कर. आजीच्या बटव्यातली औषधं माणसाच्या शरीरावर पारखलेली आहेत. या दोघांचं यकृत वेगळं, त्यांच्या अंगातली उष्णता वेगळी, आणि अंगाला लावलेलं काहीही ते चाटून पोटात घेतात. एवढं ध्यानात ठेवलंस, तर काय घरी करायचं आणि काय नाही, हे तुझं तुलाच उमगेल.

तुम्ही याल ते ऐन उन्हात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणं इथं नेहमीचं आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंज्यांच्या गाद्यांपुरताच. बाकी उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. म्हणून शेरूला सकाळी लवकर फिरव. संध्याकाळी सूर्य बुडाला तरी रस्ता तापलेलाच असतो. हाताची मागची बाजू डांबरावर टेकव. पाच-सात सेकंद ठेववली नाही, तर त्याचेही पंजे भाजणार. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटके देतं, तेव्हा सकाळीच एक बादली भरून सावलीत ठेवत जा. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटली, तर ऊन लागलं समज. लगेच सावलीत आण, बादलीतलं पाणी अंगावर ओतत राहा, कूलरसमोर ठेव आणि तशाच ओल्या अंगानं दवाखाना गाठ. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नकोस. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नकोस, त्यात उष्णता कोंडते.

उन्हावर आपल्याकडे कांद्याला फार मान. बाहेर पडताना खिशात कांदा, ऊन लागलं तर तळपायांना कांद्याचा रस. शेरू-गोट्याला मात्र कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, रश्शातला, कसाही चालत नाही. त्यानं त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि मांजराला तो अधिकच बाधतो. हिरड्या फिकट पडणं, लघवी लालसर होणं हे काही दिवसांनी दिसतं, त्यामुळे कांद्यावर कुणाचा संशयही जात नाही. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही शेरूपासून लांब ठेव.

ताप बघायचा तो थर्मामीटरनं. टोकाला व्हॅसलीन लावून हलकेच गुदद्वारात धरायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे दोघांचंही नेहमीचं तापमान, म्हणजे आपल्या हाताला ते बरे असतानाही गरमच लागणार. आणि ताप निघाला तरी पॅरासिटामॉल देऊ नकोस, हे तुला अगदी हात जोडून सांगते. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीनं मांजराचा जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्याही दोघांना वर्ज्यच.

पोट बिघडलं तर मात्र घरात करण्यासारखं बरंच आहे. शेरू खेळतोय, पाणी पितोय, नुसतंच पातळ होतंय, तर एक वेळ त्याचं जेवण चुकव. मग मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, बिनतेलाची, थोडी थोडी दे. लाल भोपळा वाफवून चमचा-दोन चमचे कालवलास की जुलाबात आणि मलावरोधात, दोन्हीत उपयोगी पडतो. काम करतो त्यातला चोथा. शौचात रक्त दिसलं, ओकाऱ्या थांबेनात, किंवा लहान पिल्लू असलं, तर घरी वाट बघायची नाही. पार्व्हो विषाणूनं पिल्लं बघता बघता कोरडी पडून जातात. गोट्याला लंघन कधीच घडवू नकोस. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठते आणि ते दगावूही शकतं. दुधाचं म्हणशील, तर मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही. त्यांना स्वच्छ पाणीच बरं.

गोचीड काढायला चिमटा घे. केस बाजूला सारून गोचिडाला कातडीशी अगदी लागून धर. फुगलेलं पोट दाबू नकोस, पिळू नकोस, एका दमात सरळ वर ओढ. जागा साबणानं धू, गोचीड साबणाच्या पाण्यात बुडव. रॉकेल किंवा खोबरेलात कापूर लावायला लोक सांगतील. ते चाटल्यावर विष होतं. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं शेरूला धुतलंस तर हरकत नाही, पण गोट्याला नीमतेल लावू नकोस, आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध तर मुळीच नाही. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला मारक ठरतं. एक मादी हजारो अंडी घालते आणि तीही भिंतीच्या भेगांत, म्हणून घराचे कोपरेही झाडून काढायला हवेत. गोचीड निघाल्यावर शेरू मलूल झाला, जेवेना, तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घे.

कुणाला चावा बसला, ओरखडा निघाला, तर चुना, तिखट, हळद काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीसाठी जायचं. रेबीज एकदा दिसू लागला की जवळजवळ कुणीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

गोट्या मातीत बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर मध्यरात्रीही निघ. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्यावर घरगुती औषध नाही.

सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दवाखानाही चालतो. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांना तिथं नेऊ, वजनं करू, लसी बघून घेऊ. घरचा उपाय नीट चालतो तो जनावर आधीपासून डॉक्टरच्या ओळखीचं असलं की. त्यांना बोलून दुखणं सांगता येत नाही, तेव्हा रोजचं खाणं, पाणी, शौच, चाल यांवर तुझं लक्ष हवं. त्यात फरक पडलेला सर्वांआधी तुलाच कळेल, आणि पुष्कळ दुखणी तिथंच आटोक्यात येतात.

येण्याची तारीख कळव.

तुझी,
आत्या