अंबाडी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आईला दवाखान्यातून घरी आणलं. अर्धांगाचा झटका सौम्य होता, पण उजवी बाजू जड झाली होती. डॉक्टरांनी रोज चालवायला सांगितलं होतं. आई मात्र पलंगावरून हलायला तयार नव्हती. "कुठं जायचं चालून?" एवढंच विचारायची, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नसायचं.

रामदासपेठेतलं आमचं घर बैठं आहे. दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या इमारती, मागच्या भिंतीपलीकडे एक इस्पितळ. मागच्या आंगणात न्हाणीघराच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ वाढते. आठेक दिवस पाऊस झाल्यावर एका सकाळी आई खिडकीतून म्हणाली, "अंबाडी उगवली रे तिथं."

बघायचं म्हणून ती माझ्या खांद्यावर हात ठेवून तीन पायऱ्या उतरली. महिन्याभरात पहिल्यांदा.

अळूच्या कडेला वीतभर उंचीचं रोप होतं. हाताच्या बोटांसारखी पानं, कडा करवतीसारख्या. आईचं बालपण वर्धेकडच्या गावात गेलेलं. अंबाडीची भाजी, त्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी, हे तिचं लहानपणापासूनचं जेवण. मी शहरात वाढलेला, मला काय कळणार? मीही म्हटलं, अंबाडीच.

मग रोज सकाळी चहानंतर आम्ही खाली उतरू लागलो. आई स्टुलावर बसून डाव्या हातात खुरपं धरून आजूबाजूचं तण काढायची. पहिले काही दिवस खुरपं हातातून पडायचं, नंतर पडेनासं झालं. श्रावणात झाड तिच्या कमरेला लागलं, पोळ्याला माझ्या खांद्याला.

मारबतीच्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशी मागं कपडे वाळत घालताना थांबल्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे अंबाडी नाही होय जी. गांजा होय हा."

रात्री फोनवर फोटो पाहत बसलो. मावशींचं बरोबर होतं. अंबाडीचं पान कितीही चिरलेलं दिसलं तरी बुडाशी एकसंध असतं, इथं प्रत्येक पाकळी देठापर्यंत सुटी होती. चूक करणारी आई काही पहिली नव्हती. लिनियसने 1759 साली अंबाडीला 'हिबिस्कस कॅनाबिनस' हे नाव दिलं ते याच साम्यावरून. गांजासारखी पानं असलेली जास्वंद, असा त्याचा अर्थ. बी कुठून आलं असेल, तर मागच्या गल्लीत रात्री बसणारी पोरं भिंतीवरून काय काय फेकत असतात.

कायदाही वाचला. 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू असलेल्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांग उघड विकली जाते. लागवड मात्र कुठल्याच भांगेच्या झाडाची परवान्याशिवाय करता येत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. आपोआप उगवलेल्या झाडाला 'लागवड' म्हणता येत नसावं, असा विचार मी केला. पण त्या आपोआप उगवलेल्या झाडाभोवती माझ्या आईने रोज आळं केलं होतं.

वाचताना आणखी एक कळलं. नागपूर मध्य प्रांतांची राजधानी होतं तेव्हा याच सरकारच्या परवान्याने निमाडात, खांडव्याकडे, गांजाचं पीक घेतलं जाई. मुंबई इलाख्यात ते मुख्यतः नगर जिल्ह्यात होई. 1893 साली नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनने देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी अहवाल दिला, की माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी नको. या पिकात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. फुलोरा येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि एक नर राहिला तर माद्यांत बी धरून माल कमी प्रतीचा होतो. बंगालात तर नर हुडकून उपटायला खास जाणकार बोलावत, त्याला पोद्दार म्हणत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी याच झाडाच्या बुडाशी असाच उकिडवा बसून पानं उलटून पाहत होता, आणि त्याच्याकडे कागद होता. माझ्याकडे तो नव्हता.

आईला सांगायचं रोज ठरवायचो. सकाळ झाली की ती माझ्या आधी चपला घालून बसलेली असायची.

मी एका आशेवर दिवस काढले. हे झाड रात्री मोजतं. रात्र ठरावीक लांबीच्या पुढे गेली की फुलोरा धरतं. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू आणि सोयाबीनवर हे दाखवून दिलं. नागपूरला जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या वर असतो, सप्टेंबरच्या शेवटी बारावर येतो. पण अंधार मध्येच मोडला तर झाड फसतं. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन म्हणूनच हिरवंगार राहतं आणि शेंगा धरत नाही. आमच्या मागच्या भिंतीवर इस्पितळाची पाटी रात्रभर पेटलेली असते. फुललंच नाही तर गांजाही नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली. कायदा तसं म्हणत नव्हता, हे मला माहीत होतं.

आश्विन लागला. भिंतीकडची अर्धी बाजू खरंच नुसती पानांची राहिली. घराकडच्या बाजूला, जिथं आमच्याच छपराची सावली पडते, तिथं एका पेराशी दोन पांढरे केस दिसले. आठवड्याने प्रत्येक पेरावर होते. मादी. संध्याकाळी हवा पडली की वास स्वयंपाकघरात यायला लागला.

दसऱ्याला सोनं द्यायला सगळे घरी येतात. दीक्षाभूमी जवळच, त्यामुळे त्या दिवसांत आमच्या भागात माणसांचा लोट असतो आणि चौकाचौकात पोलीस. दोन दिवस आधी, आई झोपल्यावर, मी टॉर्च न लावता मागे गेलो. पाटीच्या उजेडात सगळं दिसत होतं. झाड सहज निघालं नाही. कोयत्याने बुडाशी तोडलं, मुळं खणली, तुकडे करून अळूच्या पलीकडे खोल खड्ड्यात पुरलं. हातांना चिकट राळ लागली होती. तीनदा साबण लावला तरी वास गेला नाही.

सकाळी आई नेहमीप्रमाणे उतरली. मोकळी जागा पाहून स्टुलावर बसली. रात्री गाय घुसली होती, असं काहीतरी मी म्हणालो. रामदासपेठेत, बंद फाटकातून.

ती काही बोलली नाही. चहाला म्हणाली, "अंबाडी आंबट असते. मी श्रावणातच एक पान चघळून पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खाली यायचास ना रोज." जरा थांबून म्हणाली, "नाहीतर तू आपला फोनवर, आणि मी पलंगावर."

मला वाटत होतं की मी तिला चालवतोय.

दसरा झाला. लोक आले, सोनं देऊन गेले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, जागा रिकामी ठेवू नको, आता मेथी टाक. मी वाफा केला. ती भिंत धरून एकटी तीन पायऱ्या उतरली, बियांची वाटी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने मुठी-मुठीने पेरू लागली. फार दाट पेरत होती. विरळ कर म्हणालो, तर म्हणाली, "उगवू दे, मग विरळू. तेवढंच काम राहील."