आभाळाचा हिशेब

चित्रप्रदर्शनांवर लिहायला लागलो तेव्हा माझा एक अलिखित नियम होता. कॅनव्हासखाली ‘ब्रह्मांड’, ‘अनंत’ किंवा ‘शून्य’ असं नाव दिसलं की चित्राचे गुण आधीच कापायचे. काळ्या रंगावर पांढरे ठिपके शिंपडले की विश्व तयार होतं, असं मानणाऱ्यांचा मला कंटाळा होता. आकाशाकडे बघणारा कलावंत जमिनीवरच्या अडचणींकडे पाठ फिरवतो, असं मी ठणकावून म्हणत असे. व्हॅन गॉगची १८८९ची तारांकित रात्र थोरच, पण तिच्या पुण्याईवर नंतर केवढा आळस खपला! जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन ‘कृष्णविवर’ ही कथा स्पर्धेला पाठवली आणि ती पहिली आली, हे कुणी सांगितलं की माझी पळवाट तयार असे : ते विज्ञान, कला नव्हे.

हे मत चित्रांनी नाही, इमारतींनी मोडलं. शिवाय त्या उभारणारा माणूस आमच्याच नवी मुंबईच्या जन्माशी जोडलेला निघाला. मुंबईपलीकडे खाडीच्या पूर्वेला नवं शहर वसवा, असा प्रस्ताव १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात मांडणाऱ्या तिघांपैकी एक चार्ल्स कोरिया; दुसऱ्या प्रवीणा मेहता, तिसरे शिरीष पटेल. पुढे ते शहर उभारणाऱ्या सिडकोच्या सुरुवातीच्या वर्षांत कोरिया तिथे मुख्य आर्किटेक्ट होते. मी राहतो ते जुईनगर त्या प्रस्तावातून वाढलेल्या शहरातलंच, पण ‘आकाश’ या विषयाशी त्याचा संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

जुईनगरहून बेलापूर तिसरं स्टेशन. तिथलं आर्टिस्ट व्हिलेज कोरियांनी १९८०च्या दशकात आखलं. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि असे तीन चौक मिळून एक मोठा चौक. घरं जवळजवळ, पण शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. पैसे जमतील तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. आणि प्रत्येक घराला स्वतःचं थोडं उघडं अंगण. त्यामागचा हिशेब अगदी रोकडा आहे. आपल्या हवेत सकाळी, संध्याकाळी, हिवाळ्यात आणि उन्हाळी रात्रीही माणूस उघड्यावर बसतो, निजतो, कामं करतो. ती जागा खोलीइतकीच उपयोगी पडते आणि तिला स्लॅबचा खर्च नाही. ज्याची ऐपत एकाच खोलीची, त्याला आर्किटेक्ट दुसरी खोली आकाशाची देतो. मी ज्याला जमिनीपासूनची पळवाट म्हणत होतो, ते आभाळ इथे गरिबाच्या घराच्या अंदाजपत्रकात बसलेलं होतं.

मग पुण्यात आयुका पाहिली. खगोलविज्ञानाची ही संस्था १९८८ची, नारळीकर संस्थापक संचालक, वास्तू कोरियांची. तिथल्या भिंतीत खाली काळा बेसाल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा, आणि सगळ्यात वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग दिसतात. मला भिंतीचं टोकच सापडेना. दगड संपून आभाळ कुठे सुरू झालं ते कळेना. अवकाशाचा अंधार दाखवायला एक ठिपकासुद्धा खर्च केलेला नाही! मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण नसते तरी काही बिघडलं नसतं.

एका गोष्टीवर अजून अडखळतो. याच माणसाने जयपूरच्या जवाहर कला केंद्राचे नऊ चौक नवग्रहांवर बेतले, राहू-केतूंसकट. माझ्यातला अंधश्रद्धाविरोधक तिथे हटकून बोलतो. पण त्या शहराची मूळ आखणीच नऊ चौकांची, आणि ते शहर वसवणारा राजाच जंतरमंतर बांधणारा. माणूस ज्या काळी विश्वाचं जे चित्र मनात धरतो, तेच त्याच्या भिंतींत उतरतं, हे कोरियांचं म्हणणं मला आता पटतं. जयपूरला ग्रह आणि पुण्याला अवकाशाचा काळोख, यात मला विसंगती दिसत नाही. ग्रहांच्या पत्रिकेवर मात्र अजूनही विश्वास नाही.

आर्टिस्ट व्हिलेजमधली बरीच मूळ घरं पाडून आज तिथे मजले चढले आहेत, अनेक अंगणांवर छप्पर आलं आहे. कुटुंब वाढलं की खोली लागते. घरमालकांना दोष देण्यात अर्थ नाही. घरं वाढतील हे तर आखणीतच होतं.

‘ब्रह्मांड’ नावाच्या चित्रांचे गुण मी अजूनही कापतो, पण आता आधी चित्र पाहतो. सोसायटीत राहणाऱ्याच्या वाट्याचं आभाळ गच्चीवर असतं, म्हणून वाचकांकडे मागणं एवढंच : नवी मुंबईतल्या ज्या ज्या सोसायटीत गच्चीला कायमचं कुलूप आहे, तिथल्या सभासदांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत किल्लीचा विषय लेखी द्यावा. पाण्याच्या टाकीचं कारण सांगतील. टाकीला वेगळं कुलूप लावता येतं.